‘एवढं एक वर्ष सोस’ हा सल्ला आता मागे घ्यायला हवा

पदवीच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकलं की मुलामुलींना सगळीकडून एकच ऐकवलं जातं: एवढं एक वर्ष मान मोडून अभ्यास कर, मित्रमैत्रिणी कुठे पळून जात नाहीत, गाणं-खेळ-चित्रं करायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय. सांगणारे आईवडील असतात, शिक्षक असतात, कधी दोन वर्षं पुढे गेलेली मावसबहीण असते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शेवटच्या वर्षाचे गुण पुढच्या प्रवेशाला लागतात, नोकरीच्या मुलाखती त्याच वर्षी होतात, कित्येक घरांतलं पैशाचं गणित त्या एका निकालावर अडून बसलेलं असतं. मी शेवटच्या वर्षाला शिकवते, त्यामुळे हा धाक कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. मुलांना थोडी मजाही करू द्या, एवढ्यापुरतं मी हे म्हणत नाही. त्या सल्ल्याच्या मुळाशी एक समजूत आहे: छंद आणि मैत्री वर्षभर बाजूला ठेवता येतात, आणि परत आल्यावर ठेवल्या जागी सापडतात. ही समजूतच खोटी आहे.

आधी मैत्रीचं बघू. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाक्टर आणि कर्ट बॅक या तिघा अभ्यासकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटी या अमेरिकन संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री जमते हे तपासलं. त्यांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शेजारी कोण असावा हे कोणी निवडलेलं नव्हतं, घर रिकामं होईल तसं मिळत गेलं होतं. तरी लगतच्या दारातल्यांना मित्र म्हणून सांगण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत ते १० टक्क्यांवर आलं होतं. मधलं अंतर काही पावलांचं.

कॉलेजातली मैत्री बव्हंशी अशीच जुळते. हजेरीपटावर नाव खालीवर आलं म्हणून प्रॅक्टिकलची बॅच एक झाली, बॅच एक झाली म्हणून जर्नल एकमेकांचं बघून लिहिलं, आणि तीन वर्षांत एकमेकांच्या घरातली भांडणंसुद्धा माहीत झाली. अशी जुळली म्हणून ती मैत्री उणी ठरत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या मैत्रीला लागणारा वेळ आजवर कोणी मुद्दाम काढलेला नाही, तो कॉलेजच्या वेळापत्रकानं परस्पर काढून दिलेला आहे. शेवटचा पेपर झाला की वेळापत्रक जातं आणि त्याबरोबर तो वेळही जातो.

पुढे काय होतं याचाही मागोवा घेतला गेला आहे. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमध्ये शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीत जाणाऱ्या ३० मुलामुलींच्या नात्यांवर १८ महिने लक्ष ठेवलं. नातेवाइकांशी असलेला जिव्हाळा फारसा ढळला नाही. मित्रांशी असलेला मात्र, भेटीगाठी आणि बोलणं टिकवलं नाही तिथे, उतरत गेला. रक्ताचं नातं दुर्लक्ष सोसतं, मैत्री सोसत नाही. आणि पुढे नवे मित्र मिळतीलच की, असं म्हणणाऱ्यांसाठी जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे. नुसत्या ओळखीची हलकी मैत्री व्हायला त्यांच्या हिशेबानं साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावं इतपत व्हायला ९० तास, जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. नोकरी लागल्यावर आठवड्याला दोन तास एखाद्या नव्या माणसाला देता आले, तर २०० तास भरायला जवळजवळ दोन वर्षं जातील. ज्यांच्याबरोबर हे तास कधीच भरून झालेत अशी माणसं आज शेजारच्या बाकावर बसलेली आहेत, आणि नेमकं त्यांनाच बाजूला ठेवायला आपण सांगतो आहोत.

म्हणून मला वाटतं, मैत्रीच्या बाबतीत शेवटच्या वर्षाचं एक स्वतःचं काम आहे. वेळापत्रकानं जमवून दिलेल्या दहा-पंधरा जणांमधून आपल्याला खरोखर कोण हवं आहे ते ओळखायचं, आणि त्या दोघातिघांना कॉलेजच्या भिंतींबाहेर, मुद्दाम वेळ काढून भेटायची सवय लावून घ्यायची. माझ्या वर्गातल्या तिघी दर गुरुवारी प्रयोगशाळा सुटली की मागच्या पायऱ्यांवर तासभर बसायच्या. सबमिशनच्या आठवड्यातही बसायच्या. फाईल मांडीवर, एक जण अनुक्रमणिकेत तारखा भरतेय, दुसरी पानांना भोकं पाडतेय, आणि बोलणं चालूच. पुढे तिघी तीन गावांना गेल्या. गुरुवारचा फोन अजून चालू आहे, असं त्यांच्यातल्या एकीनं मध्यंतरी सांगितलं. त्याच वर्गाचा मोठा ग्रुपही आहे. त्यावर ‘भेटू या एकदा सगळे’ असं कोणीतरी टाकतं, भराभर अंगठे उमटतात आणि तारीख कोणीच टाकत नाही. त्या तिघींचा स्वभाव इतरांहून गोड होता असं काही नाही. त्यांनी भेटायची वेळ कॉलेजात असतानाच ठरवून टाकली होती, एवढाच फरक.

मैत्रीनं पोट भरत नाही, असं म्हणणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट सांगते, जरी मैत्रीला नोकरीच्या तागडीत तोलणं मला आवडत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती बातमी बहुतेकदा जवळच्या माणसाकडून कळलेली नव्हती, क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. दुसऱ्या विभागातली, नाटकाच्या गटातली, मैदानावरची ओळख आपल्याला दुसऱ्या वर्तुळातल्या बातम्या आणून देते. खोलीचं दार लावून वर्षभर अभ्यास करणारा मुलगा या सगळ्या ओळखींपासून स्वतःला तोडून घेतो, तेही जेव्हा त्यांची सर्वात जास्त गरज असते तेव्हा.

छंदाचं दुखणं थोडं वेगळं आहे. छंद सुटला की हात उतरतो, गळा जड होतो, दम कमी पडतो. व्यायामशास्त्रात याची मोजमापं झाली आहेत. १९८४ च्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं सराव असलेल्या खेळाडूंनी तो थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांत १६ टक्क्यांनी. पण याच विषयातलं दुसरं संशोधन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये काही लोकांकडून १० आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सराव करून घेतला. नंतर काहींचा सराव आठवड्यातून दोनच दिवसांवर आणला, मात्र त्या दोन दिवसांतला जोर कमी होऊ दिला नाही. पुढचे १५ आठवडे त्यांची कमावलेली क्षमता टिकून राहिली. धावण्याची आणि सायकलीची ही मापं चित्रकलेला किंवा तबल्याला जशीच्या तशी लावता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. तरी ज्यांनी कुठलीही कला हातात ठेवली आहे ते सांगतील की थोडं करणं आणि अजिबात न करणं यांत फार मोठी दरी आहे. कमावण्यासाठी जितका वेळ लागतो त्याच्या एका तुकड्यात ते राखता येतं. ‘वर्षभर बंद’ म्हणणारा सल्ला हा तुकडाही काढून घेतो.

आणि बंद केलेलं पुन्हा सुरू करताना काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. शाईनं रेखाटनं करणारी एक मुलगी परीक्षा संपल्यावर वही घेऊन बसली. पूर्वी एका दमात ओढली जाणारी खांद्याची रेघ आता तीन तुकड्यांत येत होती. तिनं पान उलटलं, पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. चौथ्या पानानंतर वही मिटली आणि म्हणाली, मला आता येत नाही. येत होतं की. महिनाभर बसली असती तर रेघ परत आली असती. पण तो महिना नोकरीच्या पहिल्या वर्षात कुठून आणायचा? पुढे वेळ मिळेल हे आश्वासन देणाऱ्या मोठ्यांनी स्वतःच्या नोकरीची पहिली पाच वर्षं आठवून पाहावीत. शेवटच्या वर्षात ज्याला आठवड्याचे दोन तास राखता आले नाहीत, त्याला ते नंतरही आपोआप मिळणार नाहीत. राखण्याची सवय मोडली की तास सापडले तरी वापरले जात नाहीत.

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी सरकारच्या वित्त विभागात अधिकारी झाले. मधल्या बदल्यांचा काळ सोडला, तर पुढची वर्षं ते कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जाऊन तारांच्या कंपनांवर, वाद्यांच्या नादावर प्रयोग करत राहिले. १९१७ मध्ये नोकरी सोडून प्राध्यापक होईपर्यंत हे चाललं. छंद जोपासला म्हणजे नोबेल मिळतं असं सुचवण्यासाठी मी हे सांगत नाहीये, आणि त्यांची प्रतिभा सगळ्यांना लाभत नाही. पण दिवसाच्या कडेला उरलेल्या वेळात आवडीचं काम टिकवण्याची शिस्त ही प्रतिभेहून वेगळी गोष्ट आहे, आणि ती शिकता येते. शिकायचं वय हेच.

शेवटच्या वर्षात छंदाची गरज आणखी एका कारणानं वाढते. त्या वर्षी मुलांना रोज कोणीतरी मोजत असतं. अंतर्गत गुण, प्रवेश परीक्षेतला क्रमांक, मुलाखतीची पहिली फेरी, दुसरी फेरी. नकाराचा मेल येतो तेव्हा ज्याच्याकडे अभ्यासापलीकडे काहीच उरलेलं नाही, त्याला तो नकार स्वतःवरचाच निकाल वाटतो. संध्याकाळी मैदानावर गेलेल्या मुलालाही नकार लागतोच, पण तासभर तरी तो कोणाच्या मोजपट्टीखाली नसतो. मला ही चैन वाटत नाही, गरज वाटते.

आता अभ्यासाचा प्रश्न. हे सगळं ठीक, पण वेळ आणायचा कुठून? माझं उत्तर काहींना रुचणार नाही: अभ्यासाच्या नावाखाली जाणाऱ्या तासांतूनच बराच वेळ सुटतो. अभ्यासिकेत रात्री नऊ वाजता चक्कर मारून बघा. समोरच्या पानावर आधी पिवळा हायलायटर फिरला आहे, त्यावर गुलाबी, आता समासात हिरवी चौकट होतेय. मुलगा सहा तास बसलाय, प्रामाणिकपणे बसलाय, आणि पान मिटून विचारलं तर त्याला तीन मुद्देही सलग सांगता येत नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. एका गटाला उताऱ्याच्या वाचनाची चार सत्रं दिली. दुसऱ्याला वाचायला एकच सत्र, आणि उरलेल्या तिन्ही सत्रांत उतारा न बघता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. यातली सर्वात बोलकी गोष्ट अशी की आपल्याला चांगलं आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं झालं की आलं असं वाटू लागतं.

म्हणजे तास मोजून अपराधी वाटून घेणारी पिढी आपण घडवतोय, आणि त्या तासांत काय करायचं हे मात्र वर्गात कोणी शिकवत नाही. पुस्तक मिटून लिहिणं, दोन दिवसांनी पुन्हा लिहिणं, जे सुटलं तेवढंच परत वाचणं. अशा अभ्यासानं मेंदू लवकर दमतो, तो सलग आठ तास करताच येत नाही. त्यामुळे मधला वेळ रिकामा ठेवावाच लागतो, आणि तो छंदाला किंवा माणसांना दिला म्हणून अभ्यासाचं काही बुडत नाही.

तरीही सगळंच जमेल असा दावा मी करणार नाही. काहीतरी सोडावं लागतं. प्रश्न काय सोडायचं हा आहे, आणि इथे मुलं बहुधा सगळ्यात आधी झोप सोडतात. अठरा ते पंचविशीच्या वयाला ७ ते ९ तास झोप हवी, अशी २०१५ ची तज्ज्ञांची शिफारस आहे. ती तोडून तिन्ही डगरींवर पाय ठेवू पाहणारी मुलं चार महिन्यांत तिन्हीकडून घसरतात. त्यापेक्षा पदं सोडावीत. शेवटच्या वर्षातल्या मुलांना कॉलेजं हमखास मंडळाचा सचिव, महोत्सवाचा प्रमुख, संघाचा व्यवस्थापक करतात. मग परवानगीची पत्रं, प्रायोजक, मांडववाला, पाहुण्यांची गाडी यांत रात्री जातात, आणि जिला नाचायचं होतं ती स्वतः महिनाभर नाचलेली नसते. मंडळ चालवणं हे चांगलं काम आहे, पण त्याला छंद समजू नये. मैत्रीतही तसंच. रोज पंधरा जणांच्या कोंडाळ्यात दोन तास उभं राहणं सोडता येईल, एका माणसाबरोबर चालत जाणं सोडू नये.

आणि हा तोल रोजच्या रोज साधायचा हट्टही नको. परीक्षेआधीचे तीन आठवडे एकसुरी जाणार, प्रोजेक्टच्या अखेरीस आठवडाभर कोणाला भेटता येणार नाही. सत्राच्या शेवटी मागे वळून पाहिल्यावर तिन्ही गोष्टी जिवंत आहेत ना, एवढंच पाहावं.

पण इथपर्यंत आल्यावर सगळा भार मुलांच्याच डोक्यावर ठेवला तर मी अर्धंच बोलले असं होईल. शेवटचं वर्ष असं खचाखच भरलेलं का असतं? कारण ते कोणीच एकत्र बसून आखलेलं नसतं. परीक्षा विभाग आपल्या तारखा लावतो, प्रोजेक्टचे मार्गदर्शक आपल्या, नोकरीच्या मुलाखती कंपन्यांच्या सोयीनं लागतात, इंटर्नशिपचा अहवाल वेगळाच. चारही एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात आणि मग आम्ही शिक्षक वेळेच्या नियोजनावर व्याख्यान ठेवतो. संस्थेनं न केलेलं नियोजन एकवीस वर्षांच्या मुलानं करावं, अशी ही अपेक्षा आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या विभागांनी एका टेबलाशी बसून तारखा पक्क्या केल्या, तर व्याख्यानाची गरज बरीच कमी होईल.

ज्यांच्या बाबतीत तोल वगैरे बोलणंही जखमेवर मीठ चोळण्यासारखं होतं, अशी मुलंही माझ्या वर्गात बसतात. कॉलेज सुटल्यावर सहा तास काम करणारी, येण्याजाण्यात चार तास घालवणारी, घरी आजारी माणसाचं करणारी. त्यांना आठवड्याचे दोन तास काढा असं मी सांगू शकत नाही. पण एकटं पडण्याची सर्वात मोठी किंमत तीच मोजतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, बदललेला अभ्यासक्रम, कुठे जागा निघाल्याची बातमी, या गोष्टी फलकावर लागण्याआधी मित्रांत फिरतात, आणि ही मुलं तिथे नसतात. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा आणि वाचनालय उशिरापर्यंत उघडं ठेवणं, हजेरीच्या नियमात वाट काढणं, प्रोजेक्टचे गट पाडताना त्यांच्या कामाच्या वेळा विचारून घेणं, हे संस्थेला करता येतं. इच्छाशक्तीवर प्रवचन देण्यापेक्षा ते उपयोगाचं आहे.

आणखी एक मागणी आहे, आणि तिच्यासाठी मी आमच्याच लोकांशी भांडत असते. कित्येक ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या मुलांना संघातून, गायनाच्या गटातून दुसऱ्या सत्रात वगळतात, त्यांच्याच भल्यासाठी. निकाल लागला की ओळखपत्र रद्द होतं आणि मैदानाचं फाटकही बंद. म्हणजे खेळायला मैदान, वाजवायला खोली आणि बरोबरीची माणसं या तिन्ही गोष्टी एकदम जातात, आणि पगार सुरू झालेला नसल्यामुळे बाहेर सोय करून घेण्याची ऐपतही तेव्हा नसते. पदाची सक्ती न करता शेवटपर्यंत गटात राहू देणं आणि उत्तीर्ण झाल्यावर निदान वर्षभर संध्याकाळी मैदान व सरावाची खोली वापरू देणं, याला नवी इमारत लागत नाही. एका परिपत्रकाचं काम आहे, आणि ते येत्या सत्राआधी निघू शकतं.